स्वप्नं आणि त्यांचे अर्थ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्यापासून काणकोणपर्यंत व्याख्यानांनंतर चिठ्ठ्यांवर, आणि हल्ली व्हॉट्सॲपवर, स्वप्नांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. नावं-गावं काढली आहेत, भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. घरात कुणी झोपेत लाथा-बुक्क्या मारत असेल तर आधी प्रश्न १२ वाचा. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

१. स्वप्न पडतं म्हणजे नेमकं काय होतं?

रात्रभर झोप एकसारखी नसते. साधारण दीड तासाचं एक आवर्तन, अशी रात्रीत चार ते सहा होतात. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटाकडे एक टप्पा येतो. त्यात मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, श्वास आणि नाडी अनियमित होतात, मेंदू जवळजवळ जागेपणाइतका कामात असतो आणि हातापायांचे स्नायू मात्र साफ सैल पडलेले असतात. शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली हा टप्पा जगासमोर ठेवला. त्याला रेम झोप म्हणतात. या वेळी उठवलेल्या बहुतेकांना गोष्टीसारखं ठसठशीत स्वप्न सांगता येतं. इतर टप्प्यांतही स्वप्नं पडतात, पण ती तुटक आणि फिकी.

रेममध्ये भावनांशी संबंधित भाग तेजीत असतात आणि ताळतंत्र सांभाळणारा कपाळामागचा भाग मंदावलेला असतो. वारलेले आजोबा कदंब बस चालवताहेत आणि तिकिटं शाळेतल्या बाई फाडताहेत, याचं स्वप्नात कुणाला काही वाटत नाही ते त्यामुळे. मोठ्या माणसाच्या झोपेचा पाचवा ते चौथा हिस्सा रेम असतो, नवजात बाळाचा जवळजवळ अर्धा. बाळ झोपेत हसलं की सटवाई हसवते असं म्हणतात, ते हसू बहुधा याच टप्प्यातलं.

२. मला स्वप्नंच पडत नाहीत. काही बिघडलंय का?

पडतात, आठवत नाहीत. रेमच्या मधोमध किंवा लगेच नंतर जाग आली तरच स्वप्न हाताला लागतं, आणि उठल्या उठल्या फोन उघडला की तेही जातं. आठवायची इच्छा असेल तर प्रश्न २१ पाहा. नसेल तर काही बिघडत नाही.

३. स्वप्नाला अर्थ असतो का? हो की नाही तेवढं सांगा.

असतो. पण तो पाहणाऱ्याच्या आयुष्यात शोधावा लागतो, पुस्तकातल्या यादीत सापडत नाही.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनोविश्लेषक फ्रॉइड यांनी मांडलं की मनात दडपलेली इच्छा रात्री वेश बदलून येते. युंग त्यांच्यापासून वेगळे झाले. स्वप्न काही लपवत नाही, ते चित्रांच्या भाषेत बोलतं इतकंच, असं त्यांचं म्हणणं. १९७७ साली हार्वर्डचे ॲलन हॉबसन आणि रॉबर्ट मॅककार्ली पार दुसऱ्या टोकाला गेले. झोपेत मेंदूच्या बुंध्यातून संदेश उसळतात आणि वरचा मेंदू त्यांची जमेल तशी गोष्ट जुळवतो, एवढंच स्वप्न, असं त्यांनी सांगितलं. पुढे दोन्ही टोकं बोथट झाली. कॅल्विन हॉल यांच्यासारख्यांनी हजारो स्वप्नांच्या नोंदी तपासल्या. त्यात दिसलं ते हे की माणूस दिवसा ज्यांच्यात वावरतो आणि ज्याची काळजी करतो तेच रात्री येतं, आणि आनंदापेक्षा भीती, काळजी, फजिती यांचा भरणा जास्त असतो.

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ हे आपल्याकडे कधीचंच म्हणून झालेलं आहे. म्हणीत एकच गोष्ट राहून जाते. मनात वसतं ते जसंच्या तसं दिसत नाही. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्यावर ज्याच्या ट्रकचे हप्ते थकले, त्याच्या स्वप्नात बँकेचा मॅनेजर येईलच असं नाही. उतारावर ब्रेक न लागणारा ट्रक येईल. प्रसंग बदलतो, भावना तीच राहते. म्हणून ‘काय दिसलं’ याआधी ‘दिसताना कसं वाटत होतं’ हे स्वतःला विचारावं, आणि मग सध्या जागेपणी असंच कुठे वाटतंय ते पाहावं. पुढची बरीच उत्तरं याच प्रश्नापाशी येतात.

४. साप दिसला तर धनलाभ, दात पडला तर घरात मृत्यू, लग्न दिसलं तर अशुभ, प्रेत दिसलं तर आयुष्य वाढतं. यात खरं किती?

यादी म्हणून काहीच नाही. एकाच सापाला एक पुस्तक धन म्हणतं, दुसरं शत्रू, तिसरं संतती. यातच काय ते आलं.

साप घ्या. बांदोड्याच्या नागेशीला वर्षानुवर्षं जाणाऱ्या आजीच्या स्वप्नातला नाग आणि गेल्या पावसात पोफळीच्या बागेत घोणसावर पाय पडता पडता वाचलेल्या माणसाच्या स्वप्नातला साप, या दोघांना एकच अर्थ कसा लावणार? आजी उठून हात जोडते, तो घामाघूम होऊन दिवा लावतो. फिनलंडचे अँटी रेवोन्सुओ यांनी २००० साली असा विचार मांडला की धोक्याची तालीम करायला मेंदू स्वप्नं वापरत आला असावा. बागेतल्या माणसाला तो चपखल बसतो. आजीला बसत नाही.

दात पडण्याची स्वप्नं जगभर पडतात. २०१८ साली इस्रायलमधल्या एका पाहणीत त्यांचा संबंध मनाच्या ताणापेक्षा उठल्यावर दात-हिरड्यांत जाणवणाऱ्या ताणाशी जास्त दिसला. झोपेत दात खायची सवय असेल तर ज्योतिषाआधी डेंटिस्टकडे जा.

परीक्षेला उशीर होण्याचं स्वप्न निवृत्त हेडमास्तरांनाही पडतं, सहसा मुलीचं लग्न किंवा ऑपरेशन अशा एखाद्या मोठ्या गोष्टीच्या आधी. त्याचंच भावंड म्हणजे गाडी चुकण्याचं स्वप्न. मुंबईकराची लोकल सुटते, दिवाडी-चोडणच्या माणसाची फेरीबोट.

उलट्या अर्थांचं (लग्न म्हणजे मरण, मरण म्हणजे आयुष्य) मला कधीच कौतुक वाटलेलं नाही. सरळ आणि उलटा, दोन्ही अर्थ हाताशी ठेवले की कुठलंही स्वप्न केव्हाही खरं ठरवता येतं.

५. पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात ते का?

रात्रीच्या पहिल्या प्रहरातलं स्वप्न फळायला वर्ष लागतं आणि अरुणोदयाचं थोड्याच दिवसांत फळतं, असं जुने स्वप्नाध्याय सांगतात. यामागे एक निरीक्षण नक्की आहे. रेमचे टप्पे रात्रीच्या सुरुवातीला काही मिनिटांचेच असतात, पहाटे ते अर्ध्या तासापर्यंत लांबतात. म्हणजे सगळ्यात लांबलचक, रंगतदार स्वप्नं पहाटे पडतात, आणि लगेच जाग येत असल्याने तीच लक्षात राहतात. जी लक्षात राहिली त्यांतूनच ‘खरी झालेली’ निवडली जाणार.

६. मला भावाच्या अपघाताचं स्वप्न पडलं आणि चार दिवसांत तसंच झालं. आता झोपायची भीती वाटते.

आधी महत्त्वाचं: तुम्ही सांगितलं असतं तर तो वाचला असता, हे ओझं घेऊ नका. रोज मोटरसायकलवर फिरणाऱ्या भावाची काळजी तुमच्या मनात आधीपासून होती. ती स्वप्नात दिसली, त्याने अपघात घडवला नाही.

आता हिशेब. गोव्याची लोकसंख्या पंधरा लाखांच्या घरात आहे. माणशी रात्रीला चार स्वप्नं धरली तर एका रात्रीत साठ लाख. आपल्या रस्त्यांची स्थिती पाहता त्यांत अपघाताची किती असतील याची कल्पना करा. त्यातलं एखादं दुसऱ्या दिवसाशी जुळलं नाही तरच नवल. न जुळलेली विसरली जातात, आणि जुळलेल्याचे तपशील घटना घडून गेल्यावर नकळत तिच्यासारखे होत जातात. पडताळा पाहायचाच असेल तर स्वप्न घटनेआधी तारखेसकट लिहून ठेवा. वर्षभर असं करणाऱ्याची भीती बहुधा ओसरते. झोपच उडाली असेल तर प्रश्न १४ पाहा.

७. आपले जुने ग्रंथ तर स्वप्नांना फार मानत असत ना?

मानत, पण सरसकट नाही. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: पाहिलेल्याचं, ऐकलेल्याचं, अनुभवलेल्याचं, मागितलेल्याचं, कल्पिलेल्याचं, पुढे घडणाऱ्याचं आणि वात-पित्त-कफ बिघडल्याने पडणारं. यांतले पहिले पाच निष्फळ समजावेत असं वैद्याला स्पष्ट सांगितलं आहे. दिवसा पडलेली, फार छोटी आणि फार लांबलेली स्वप्नंही बाद. शेवटच्या प्रकारात तर वैद्याला रोगाची खूण दिसते. ‘ही स्वप्नं पडली तर करोडपती व्हाल’ असे व्हिडिओ करणाऱ्यांपेक्षा चरक कितीतरी सावध होते.

उपनिषदांना तर शकुनापेक्षा वेगळंच कुतूहल होतं. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य जनकाला सांगतात की तिथे रथ नसतात, घोडे नसतात, वाटा नसतात. पाहणारा स्वतःच रथ, घोडे आणि वाटा निर्माण करतो. मांडूक्यात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि या तिन्हींपलीकडची चौथी अवस्था अशी मांडणी आहे. सगळं निर्माण करणारा आणि पाहणारा हा कोण, हा तिथला प्रश्न. उद्या काय होईल याची त्यात कुणाला घाई नाही.

८. देवी स्वप्नात आली आणि घुमटी बांध म्हणाली. घरात दोन मतं आहेत. काय करावं?

दृष्टांताची चेष्टा करणाऱ्यांतला मी नाही. गुरू बाबाजींनी स्वप्नात येऊन ‘राम कृष्ण हरी’ हा मंत्र दिला, वार माघ शुद्ध दशमीचा गुरुवार, हे तुकोबांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन अभंगरचनेचं काम सोपवलं, हेही. त्या स्वप्नातून जे उभं राहिलं ते आपण सगळे आजही गातो.

गोव्यात देवी-देवांबरोबर राखणदारही स्वप्नात येतात. खांद्यावर कांबळं, हातात दांडा, आणि बहुधा तक्रार: माझी वाट अडवली, माझं देणं विसरलात. अशा वेळी जुनी माणसं काय करत ते आठवून पाहा. स्वप्न पडलं म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी चिरे आणायला धावत नसे. आधी घरातल्या ज्येष्ठांच्या कानावर घालायचं. मग देवळात गाऱ्हाणं घालून प्रसाद लावायचा. मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांतली उजवी पडली तर कौल मिळाला, डावी पडली तर थांबायचं. प्रसाद मानायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण या रीतीने दोन गोष्टी साधत. मध्ये वेळ जाई, आणि एकट्याला पडलेलं स्वप्न चार जणांसमोर येई. स्वप्न हा हुकूम आहे असं गावाने कधी धरलं नाही. तो अर्ज होता, त्याची छाननी व्हायची.

तुम्हीही तेच करा. सहा महिने थांबा. तोवर घरात रोज दिवा लावायला कुणाचीच हरकत नसेल. त्यानंतरही सगळ्यांना पटलं आणि कर्ज न काढता झेपलं तर बांधा. मात्र स्वप्नातला देव मुंडकाराला (आपल्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला) काढायला सांगत असेल, सुनेच्या पायगुणाबद्दल बोलत असेल किंवा कुणाला इजा करायला सांगत असेल, तर तो आवाज देवाचा की घरातल्याच कुणाचा ते नीट ऐका. आणि असे आदेश जागेपणीही ऐकू येऊ लागले असतील तर विषय स्वप्नाचा राहत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, पत्ता प्रश्न १४ मध्ये आहे.

९. वडील जाऊन वर्ष होत आलं. स्वप्नात येतात आणि भूक लागली म्हणतात. काही करायचं राहिलं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि भूक त्यात फार वेळा असते. माझा उलट प्रश्न असा: शेवटच्या दिवसांत ते जेवत होते का? बहुतेक जण सांगतात की नळी होती, किंवा डॉक्टरांनी मीठ-साखर बंद केली होती, ते मासळी मागत होते आणि आम्ही दिली नाही. ज्याने देखभाल केली त्याच्याच मनात हे ‘नाही’ राहून जातं, आणि नेमकं तेच स्वप्नात येतं.

मागे राहिलेल्यांना गेलेल्या माणसाची स्वप्नं पडणं अगदी स्वाभाविक आहे. आधी माणूस आजारी, त्रासात दिसतो आणि हळूहळू धडधाकट, कधी तर तरुण दिसू लागतो, असं अनेक जण सांगतात. अशी स्वप्नं पुष्कळांना सोबतही करतात. ती घालवायची काही गरज नाही.

म्हाळ घालायचा तर जरूर घाला, त्यांच्या आवडीचं पान वाढा. घास बाजूला काढताना मन मोकळं होतं. २ नोव्हेंबरला शेजारचं ख्रिस्ती कुटुंब आपल्या मृतांसाठी चर्चमध्ये मीस (प्रार्थना) सांगतं त्यामागेही हीच माया आहे. पण पितृदोष आहे, शांत केला नाही तर मुलाचं लग्न जमणार नाही, असं घाबरवून हजारो रुपये मागणाऱ्याला उंबरठ्यावरूनच परत पाठवा.

एक अपवाद. स्वप्नातलं माणूस ‘ये माझ्याबरोबर’ म्हणतं आणि जागेपणीही तुम्हाला जावंसं वाटतं, असं असेल तर थांबू नका. आजच घरच्यांना सांगा आणि १४४१६ या मोफत मानसिक मदतीच्या क्रमांकावर फोन करा.

१०. वाईट स्वप्न कुणाला सांगू नये आणि चांगलं सांगितलं तर फळ जातं, खरं का?

मग कुठलंच सांगायला नको! वाईट स्वप्नाचा निचरा व्हावा ही गरज फार जुनी आहे. अथर्ववेदात दुःस्वप्न घालवण्याची सूक्तं आहेत, आणि भागवतात गजेंद्रमोक्षाच्या फलश्रुतीत दुःस्वप्ननाशाचा उल्लेख आहे. आजी तुळशीला किंवा वाहत्या पाण्याला स्वप्न सांगून मोकळी व्हायची. पोटात ठेवलं की ते वाढतं, हे तिला ठाऊक होतं. सांगा, पण ऐकून घेणाऱ्याला सांगा. लगेच अर्थ सांगायला बसणाऱ्याला नको.

११. मध्यरात्री जाग येते, छातीवर कुणीतरी बसलेलं असतं, हलता येत नाही, ओरडता येत नाही. बाधा आहे का?

नाही. रेममध्ये शरीर सैल पडलेलं असतं हे प्रश्न १ मध्ये आलंच. कधी मन आधी जागं होतं आणि शरीराची ती अवस्था काही सेकंद, फार तर एक-दोन मिनिटं, तशीच राहते. स्वप्नाची चित्रं उघड्या डोळ्यांसमोरच्या खोलीत मिसळतात. याला निद्रापक्षाघात म्हणतात. जपानमध्ये याला कानाशिबारी म्हणतात, न्यूफाउंडलँडमध्ये म्हातारी चेटकीण येऊन बसते. आपल्याकडे देवचार किंवा मुंज्या येतो. अनुभव सगळीकडे तोच, बसणारा गावागणिक वेगळा.

अपुरी झोप, बदलत्या पाळ्या आणि उताणं झोपणं यांनी हे वाढतं. हॉटेल-कॅसिनोत रात्रपाळी करणारी मुलं हा प्रश्न विचारतात ते उगाच नाही. त्या क्षणी झटापट करू नका. श्वासाकडे लक्ष द्या आणि पायाचं एक बोट हलवायचा प्रयत्न करा. दिवसाही अनावर झोप येत असेल किंवा हसताना-रागावताना गुडघे लुळे पडत असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

१२. यजमान साठीचे आहेत. झोपेत ओरडतात, लाथा मारतात, एकदा पलंगावरून पडले. विचारलं तर म्हणतात, चोर मागे लागला होता.

हे स्वप्नाच्या अर्थाचं प्रकरण नाही, न्यूरॉलॉजिस्टकडे जा. रेममध्ये स्नायू सैल पडायला हवेत. ते पडेनासे झाले की माणूस स्वप्न अंगाने करू लागतो. पन्नाशीपुढच्या पुरुषांत हा विकार जास्त आढळतो. काही वेळा तो औषधांमुळे होतो, आणि बऱ्याच जणांत तो पुढे अनेक वर्षांनी येणाऱ्या पार्किन्सन किंवा त्या जातीच्या आजाराची आगाऊ खूण ठरतो. घाबरवण्यासाठी सांगत नाही, लवकर तपासलेलं बरं म्हणून सांगतो. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ही तपासणी सुरू करता येते. तोवर पलंगालगतच्या टोकदार वस्तू हलवा, खाली गादी घाला आणि तुम्ही वेगळ्या अंथरुणावर झोपा.

१३. पाच वर्षांची मुलगी रात्री किंचाळत उठते, डोळे उघडे, आम्हाला ओळखत नाही. सकाळी तिला काहीच आठवत नाही.

हे स्वप्नच नाही. झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत, गाढ झोपेतून अर्धवट जाग येते तेव्हा असं होतं. ताप किंवा जागरण झालं की जास्त. तिला गदागदा हलवून उठवू नका. पडणार-आपटणार नाही एवढं बघा. बहुतेक मुलं मोठी होता होता यातून बाहेर पडतात. वाईट स्वप्नाने उठलेलं मूल पूर्ण जागं असतं, बिलगतं आणि गोष्ट सांगतं, हा फरक. दृष्ट काढायची तर काढा. मीठ-मिरची मुलीला अपाय करत नाही आणि आजीला झोप लागते.

१४. तेच वाईट स्वप्न वर्षानुवर्षं पडतंय. काही उपाय?

आहे, आणि लोकांना तो माहीत नाही याचं वाईट वाटतं. दिवसा, शांत वेळी, ते स्वप्न लिहून काढा. मग त्याचा हवा तो भाग बदला: दार उघडतं, कुणी मदतीला येतं, पाणी गुडघ्याइतकंच निघतं. बदललेली गोष्ट रोज दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांसमोर आणा. मूळ स्वप्न घोळवत बसू नका. काही आठवड्यांत पुष्कळांची दुःस्वप्नं कमी होतात. या पद्धतीचा नीट अभ्यास झालेला आहे.

स्वप्नामागे खरा आघात असेल, म्हणजे अत्याचार, अपघात, डोळ्यांदेखत बुडालेलं माणूस, तर हे एकट्याने करू नका. बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, मानसोपचारतज्ज्ञ आहेत. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि चोवीस तास चालते.

१५. प्रेशरची गोळी बदलल्यापासून भयंकर स्वप्नं पडतात. गोळीमुळे असेल का?

असू शकेल. रक्तदाबाच्या काही गोळ्या (प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल), नैराश्यावरच्या आणि पार्किन्सनवरच्या काही गोळ्या स्वप्नं तीव्र करतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगून बदलून घ्या. रात्रीच्या फेणीचंही तसंच. पूर्वरात्री ती रेम दाबते, उत्तररात्री दाबलेलं उसळून वर येतं. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर काही दिवस स्वप्नांचा पूर येतो. आणि खूप वर्षं खूप पिणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम सोडूच नये.

१६. स्वप्नात दिसलेल्या गोष्टीवरून मटक्याचा आकडा काढतात. कधी लागतो का?

लागतो की. जोडी लागायची शक्यता शंभरात एक, स्वप्न पडो वा न पडो. लागलेल्याची गोष्ट ताव्हेर्नात वर्षभर चालते, न लागलेले नव्याण्णव गप्प घरी जातात. शिवाय मटका बेकायदा आहे.

१७. घरी कोकणी, शाळा मराठी, नोकरी इंग्रजीत. स्वप्नं कुठल्या भाषेत पडायला हवीत?

हवीत असं काही नाही. स्वप्नातलं माणूस बहुधा ज्या भाषेत तुमच्याशी बोलायचं त्याच भाषेत बोलतं. आईशी कोकणी, हेडमास्तरांशी मराठी, साहेबांशी इंग्रजी. कधी पात्रं भाषांची अदलाबदल करतात आणि कुणी दचकत नाही. यावरून मातृभाषेचा वाद सोडवायला जाऊ नये, आपल्याकडे तो जागेपणीच पुरेसा आहे.

१८. जन्मांध माणसांना स्वप्नं पडतात का? आमच्या कुत्र्याला?

जन्मांधांना पडतात. त्यात दृश्यं नसतात, आवाज, स्पर्श, वास, हालचाल असते. उशिरा दृष्टी गेलेल्यांना दिसणारी स्वप्नंही पडतात. कुत्र्या-मांजरांना रेम झोप असते हे नक्की. त्यांना आत काय दिसतं हे ती सांगत नाहीत.

१९. स्वप्न चालू असताना ‘हे स्वप्न आहे’ असं मला कळतं. आबे फारिया यांचा शोध तोच ना?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला येतो तो अनुभव खरा आहे. इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी १९७५ साली झोपलेल्या माणसाकडून, ठरवलेल्या डोळ्यांच्या खुणांमधून, ‘मी स्वप्नात आहे’ असा निरोप नोंदवला. पुढे स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनीही ते दाखवलं.

आबे फारिया १७५६ साली कांदोळीत जन्मले. त्यांनी ज्या झोपेचा अभ्यास केला ती संमोहनाची. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कुठलाही चुंबकी प्रवाह वाहत नाही, जे घडतं ते समोरच्या माणसाच्या मनातच घडतं, हे त्यांनी पॅरिसमध्ये सांगितलं आणि पुष्कळ टवाळी सोसली. १८१९ साली ते तिथेच वारले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारचा त्यांचा पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला, १९४५ साली तो उभा राहिला. स्वप्न आणि संमोहन वेगळे असले तरी त्यांचा मुद्दा इथे उपयोगी पडतो. स्वप्नाचा अर्थ सांगणारा कुणी तुमच्यावर प्रभाव टाकत असेल, तर त्यातली बरीच शक्ती तुमच्या अपेक्षेने त्याला दिलेली असते.

२०. बायकोला स्वप्न पडलं की माझं बाहेर कुठे तरी आहे. दोन दिवस बोलत नाही. मी काय केलं?

स्वप्नात काय केलंत ते तिलाच विचारा. हरिश्चंद्राने स्वप्नात दिलेलं राज्य जागेपणी सोडलं ही कथा थोर आहे, पण दुसऱ्याच्या स्वप्नातल्या वागणुकीबद्दल शिक्षा भोगावी असं त्यातही नाही. विनोद पुरे. ते स्वप्न पुरावा नाही, तरी त्यातली भावना तिची खरी आहे. अलीकडे उशिरा येता का? जेवताना फोनवर असता का? तिला एकटं वाटत असेल तर त्याबद्दल बोला. आणि स्वप्न तुमचं स्वतःचं असेल, तर त्यात केलेल्या कुठल्याही गोष्टीबद्दल कुणाची माफी मागायची गरज नाही.

२१. स्वप्नं लिहून ठेवायची तर कशी?

वही आणि पेन उशाशी. जाग आली की हलू नका, डोळे मिटून शेवटचं चित्र पकडा आणि तिथून मागे जा. वर्तमानकाळात लिहा, सोबत तेव्हा काय वाटत होतं ते आणि आदल्या दिवशीची एखादी घडामोड. आठवड्यातून एकदा सलग वाचा. एका स्वप्नापेक्षा दहा स्वप्नांची रांग जास्त सांगते.

अक्षर मात्र लागेल असं काढा. शास्त्रज्ञ ओटो लोवी यांना १९२०च्या सुमारास एका रात्री स्वप्नात प्रयोग सुचला, त्यांनी कागदावर खरडला आणि सकाळी स्वतःलाच वाचता येईना. पुढच्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं, तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकांच्या दोन हृदयांवरच्या त्या प्रयोगातून मज्जातंतू रसायनांमार्फत निरोप देतात हे सिद्ध झालं, आणि १९३६ साली नोबेल मिळालं. या प्रश्नावर ते आधीपासून विचार करत होते, हे सांगायला लोक विसरतात.

२२. काकांना जुन्या घराच्या मागे हंडा पुरलेला दिसतो, तीनदा दिसला. घर विकायची बोलणी चालू आहेत. एकदा खणून बघायला काय हरकत आहे?

२०१३ साली उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात एका साधूला हजार टन सोनं पुरल्याचं स्वप्न पडलं आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने किल्ल्याच्या आवारात खोदकाम केलं. खापरं, खिळे, बांगड्यांचे तुकडे मिळाले. सोनं नाही. तुमच्या जागेत खरंच काही जुनं निघालं तर ते सरकारला कळवावं लागेल, आणि हंड्यासाठी पूजा सांगणारा कुणी मध्ये आला असेल तर आधी त्याला बाहेर काढा. अशा पूजांपायी माणसं कंगाल झालेली आहेत, गुन्हेही घडले आहेत.

काकांना हंडा आताच का दिसू लागला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्हीच लिहिलंय की व्यवहार ठरत आलाय. सह्या होण्याआधी एखादी दुपार त्यांना तिथे घेऊन जा आणि त्या परसात कोण काय करायचं, कुठला माड कुणी लावला, ते सांगू द्या. विक्रीला त्यांची मनापासून संमती आहे का, हेही त्याच वेळी विचारा. आजवर त्यांना ते कुणी विचारलेलं दिसत नाही.